मॉरीनला मिळालेला वन्स मोअर

सिंगापूरच्या मराठी माणसांत मला आजवर एकच प्रश्न विचारला गेला आहे. "तुम्ही काय करता?" मी सांगायचो, "साउंड." समोरचा क्षणभर विचारात पडायचा आणि मग चेहरा उजळून म्हणायचा, "म्हणजे आयटीच ना?"

नाही हो. आयटी नाही, बँक नाही, ऑडिट नाही. हॉटेलात, लग्नात, कंपन्यांच्या पार्ट्यांत आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माईक आणि स्पीकर सांभाळणारा माणूस. माझी बायको सुनंदा बँकेत आहे, त्यामुळे आमच्या घराला समाजात मान आहे, आणि त्या मानाबरोबर मीही आपला आत येतो. या अंकाच्या संपादकांनी मला परदेशातल्या कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा "वाचकांना प्रेरणा मिळेल असं बघा" अशी पुस्ती जोडली. प्रेरणा हवी असेल त्यांनी सरळ चार पानं उलटावीत. तिथे कोणी ना कोणी सीएफओ झालेला असेलच.

आमचा धंदा बाहेरून अगदी सोपा दिसतो. प्रत्येक माईकचा आवाज एका टेबलाएवढ्या यंत्रात येतो, त्याला मिक्सर म्हणतात. त्याच्यावर वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना फेडर. वर सरकवला की आवाज मोठा, खाली ओढला की लहान. बस. काम चोख झालं तर तुम्ही खोलीत आहात हे कोणाला आठवत नाही. स्पीकरने एकदा शिट्टी मारली की सगळ्या हॉलच्या माना मागे वळतात, आणि त्यांतले निम्मे लोक "कुठून आणलाय हा?" असं शेजारच्याला विचारतात. बाकी गिऱ्हाइकांचे नमुने विचारू नका. एका बँकेच्या वार्षिक जेवणात एक मोठे साहेब भाषणाआधी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "माझ्या आवाजात जरा अधिकार घाला." मी म्हटलं, "सर, ते बटण माझ्याकडे नाही." त्यांना विनोद कळला नाही, त्यामुळे माझं काम वाचलं.

पण मला सांगायचंय ते मॉरीनबद्दल.

ऑर्चर्ड रोडच्या एका हॉटेलात लॉबीशेजारी लाउंज होतं. तिथे संध्याकाळी मॉरीन गायची आणि मी तिचा साउंड बघायचो. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणीवाल्या गावातली ही बाई, बुटकी, गोरीपान, गालांवर तांबूस ठिपके. तरुणपणी एका बँडबरोबर हॉटेलच्या करारावर इकडे आली, इथल्याच एका ड्रमरशी लग्न करून राहिली. पुढे नवरा वारला. ती सेरंगूनला आमच्या मागच्याच ब्लॉकमध्ये राहायची आणि शेजारी तिला निवृत्त शाळामास्तरीण समजायचे.

मॉरीन सोल गायची. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधल्या प्रार्थनेतून आणि सोसलेल्या दुःखातून उभं केलेलं गाणं. त्यात सुरात असणं ही फक्त सुरुवात असते. पुढचं सगळं पोटातून यावं लागतं. मॉरीनचं यायचं. आणि ते येऊ नये म्हणून हॉटेल मला पगार द्यायचं.

शब्दशः. लाउंजचा मॅनेजर दर संध्याकाळी माझ्याजवळ येऊन कुजबुजायचा, "प्रकाश, मेक हर स्मॉल स्मॉल, कॅन?" त्याचा नियम असा की ग्लासातल्या बर्फाचा आवाज गाण्यापेक्षा मोठा ऐकू आला पाहिजे, कारण लोक बर्फाचे पैसे देतात. मग मी फेडर खाली ओढायचो. ती जीव तोडून तान घ्यायची, आणि समोर बसलेले गुंतवणूकवाले एकमेकांना फ्लॅटचे भाव सांगायचे. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते खोटं आहे. गाढव निदान गूळ तोंडात तरी घेतं.

बरं, हॉटेलने तिची जाहिरात काय करावी? 'युरोपची एक हळवी संध्याकाळ.' एजंटांची तऱ्हा आणखी निराळी. ते म्हणायचे, सोलसाठी आमच्याकडे अमेरिकेहून आणलेली काळी गायिका आहे, तुझ्यासारखीने कंट्री गावं, किंवा नाताळची गाणी. आणि त्या काळ्या गायिकेला ते घासाघीस करून मॉरीनपेक्षाही कमी द्यायचे, हे मला मॉरीननेच सांगितलं. "ज्यांच्याकडून मी हे शिकले त्यांचे हाल माझ्याहून वाईट झाले," ती म्हणायची, "तेव्हा मी रडत बसणं शोभत नाही." ती खरंच रडत बसायची नाही. शिव्या मात्र सुरेख द्यायची.

तिची स्वतःची एक रेकॉर्ड निघाली होती. इंग्लंडमध्ये, ती विशीच्या आत असताना. गाणं तिनेच लिहिलेलं. गिरणीत कामाला जाणाऱ्या तिच्या आईवर, जी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची कारण यंत्रांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. रेकॉर्ड कंपनीला आवाज आवडला, चेहरा नाही. हा आवाज काळ्या बाईचा आहे असं लोकांना वाटलं तर खपेल, असं त्यांचं गणित. म्हणून कव्हरवर तिच्या फोटोऐवजी एका रिकाम्या खुर्चीचा फोटो छापला. रेडिओच्या एका माणसाला गाणं फार आवडलं. त्याने तिला बोलावून घेतलं, आणि ही दारात उभी राहिल्यावर तिच्या मागे बघत विचारलं, "गायिका कुठाय?" ती म्हणाली, "मीच." तो हसला आणि त्याने कार्यक्रम दुसरीला दिला. रेकॉर्ड तिथेच मेली.

त्या रेकॉर्डिंगची एक गोष्ट ती नेहमी सांगायची. काचेपलीकडे बसलेला निर्माता तिच्याशी कधी बोलायचा नाही. गाणं संपलं की बटण दाबून एवढंच म्हणायचा, "वन्स मोअर, लव्ह." म्हणजे जमलं नाही, परत गा. दिवसभर तेच. वन्स मोअर, लव्ह. वन्स मोअर. शेवटी जेव्हा जमलं तेव्हा तो कोट घालून सरळ जेवायला गेला. "पन्नास वर्षं होत आली," मॉरीन म्हणायची, "अजून ते दोन शब्द ऐकले की मी आधी माफी मागते." मी ऐकून हसायचो. आमच्याकडे त्या दोन शब्दांचा अर्थ काय होतो हे तिला सांगायचं मला कधी सुचलं नाही. विषयच निघाला नाही.

मग हॉटेलने लाउंज नवं केलं. नव्या लाउंजमध्ये झाडं आली, मंद दिवे आले, आणि गाण्याच्या जागी मोबाइलवरची तयार यादी आली. मॅनेजरने मॉरीनला केक कापायला लावला. केकवर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. मीही त्याच सुमारास निवृत्त झालो. झाडांना साउंडवाला लागत नाही.

काही दिवसांनी तिचा आवाज बसायला लागला. नोव्हेनाच्या इस्पितळातल्या घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे, जीवघेणी वाटत नाही, पण काढावी लागेल. बोलता येईल. गाण्याचं मात्र काही सांगता येत नाही. मॉरीनने मला कॉफीशॉपमध्ये बोलावून हे सांगितलं, आणि मग टेबलावरची साखर चाळवत म्हणाली, "प्रकाश, ऑपरेशनच्या आधी मला माझं गाणं एकदा माणसांसमोर गायचंय. बर्फासमोर नाही. माणसांसमोर."

तिने ते गाणं इथे कधीच गायलं नव्हतं. हॉटेलला लोकांच्या ओळखीची गाणी लागायची.

मी म्हटलं, आधी मला तर ऐकव. घरी गायची सोय नाही, कारण तिने एकदा घरात रियाज केला तर वरच्या मजल्यावरच्यांनी टाउन काउन्सिलकडे तक्रार केली होती. मग आम्ही रविवारी बमबोट, म्हणजे छोटी लाकडी मोटरबोट, पकडून पुलाउ उबीन बेटावर गेलो. भाड्याच्या सायकली घेऊन जुन्या कांपोंगच्या, म्हणजे मलय खेड्याच्या, घरांपलीकडे, बंद पडलेल्या दगडखाणीत साचलेल्या पाण्याशी थांबलो. तिथे ती गायली. माईक नाही, फेडर नाही. इतकी वर्षं मी तिचा आवाज रोज हाताळत होतो आणि तो केवढा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी सायकलची चेन बघत बसलो. परतताना बोटवाला काका म्हणाला, "आंटी, यू आह? सो लाउड! आय हिअर अंटिल जेट्टी, यू नो." मॉरीन इतकी खूश झाली की तिने त्याला वाकून नमस्कार केला.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता. माझ्या ओळखीची माणसं म्हणजे मराठी मंडळ.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम सेरंगूनच्या हॉलमध्ये होता. सेक्रेटरी मंदार सबनीस. मोठ्या बँकेत रिस्क सांभाळतात आणि आयुष्यात एकही घेत नाहीत. मी मॉरीनचं नाव काढताच त्यांचे डोळे चमकले.

"गोरी आहे? मस्त! नऊवारी नेसवू. एखादं गणपतीचं गाणं पाठ करून घ्या. रील तुफान चालेल."

"मंदार, ती सोल गाते. स्वतःचं गाणं गाणार आहे."

"इंग्लिश?" त्यांचा चेहरा पडला. "अहो प्रकाशकाका, लोक इथे मराठीसाठी येतात."

हे कोण बोलतंय? ज्यांचा मुलगा शेजारी उभा राहून "पपा, can go already or not?" विचारत होता ते. दर वर्षी आमच्याकडे मराठी टिकवण्यावर भाषण होतं, आणि त्याची स्लाइड इंग्रजीत असते. गोरी बाई नऊवारीत चुकीच्या उच्चारांनी आरती म्हणाली तर आम्ही डोळे पुसतो. तीच बाई आपल्या कपड्यांत आपलं दुःख गायला लागली की आम्हाला आपली भाषा आठवते. नाक मुरडायला आमच्याइतकी तयार जमात साऱ्या आग्नेय आशियात नसेल.

मी वाद घातला नाही. मंडळाचा साउंड मी हौसेने सांभाळत होतो. एवढंच म्हटलं, "ठीक आहे. मग यंदा साउंडला दुसरा माणूस बघा." सबनीसांनी मनातल्या मनात रिस्क मोजली असणार. मॉरीनला एक गाणं मिळालं. अगदी शेवटचं, जेवणाच्या आधी, जेव्हा मागून पुऱ्यांचा वास येत असतो आणि लोकांचं एक पाऊल दाराकडे असतं.

माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. नाट्यसंगीतावर वाढलेल्या, ऐंशी पार केलेल्या, कानाने लख्ख. पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आधीचे कार्यक्रम बघून त्यांनी मला दोनदा जवळ बोलावलं. "अहो प्रकाशराव, हे पेटीवाले झोपलेत का?" आणि नंतर, "हा निवेदक नेहमीच एवढा बोलतो का हो?" त्यांचा हात धरणारं कोणी नसतं.

मॉरीन आपल्या साध्या काळ्या झग्यात आली. सबनीसांनी तिची ओळख 'आपल्या परदेशी पाहुण्या' अशी करून दिली. ती या देशात त्यांच्या आधीपासून राहते. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज घोगरा होता, मधूनच कापरा व्हायचा, पण त्या कापरेपणातून ती गिरणीतली आई अशी उभी राहिली की मला हॉल दिसेनासा झाला. मागे खुर्च्या सरकवायचा आवाज होत होता. सबनीसांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "She's not even singing Marathi lah." मग तोही ऐकायला लागला. शेवटची ओळ ती जवळजवळ न गाताच म्हणते, नुसते ओठ हलतात. ती ओळ संपली आणि तिने डोळे उघडले.

त्याच क्षणी पहिल्या रांगेतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

मागून दोनचार आजोबांनी उचललं. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

आणि मॉरीनचा चेहरा पांढरा पडला.

मी मिक्सरवरून बघत होतो आणि काय झालं ते मला लगेच कळलं. जमलं नाही. परत गा. काचेपलीकडचा तो माणूस सेरंगूनपर्यंत येऊन पहिल्या रांगेत बसला होता. माईकमध्ये तिचा आवाज आला, अगदी लहान, "सॉरी. सॉरी, एव्हरीवन. बेसूर झालं का?" लोक हसले. त्यांना वाटलं बाई विनयाने बोलतेय. ती माईक स्टँडवर ठेवून निघायला लागली.

कार्यक्रम चालू असताना साउंडवाला मिक्सर सोडत नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे आणि मी तो कधी मोडला नव्हता. मी उठलो आणि सरळ स्टेजवर गेलो. सबनीस मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते. त्यांना मी हाताने बाजूला केलं.

"मॉरीन, थांब. तो तुझ्या निर्मात्याचा वन्स मोअर नाही. हा आमचा आहे."

"म्हणजे?"

"नाटकात गाणं फार आवडलं की आमचे लोक असं ओरडतात. पुन्हा ऐकायचंय म्हणून. नाटक थांबतं, गाणारा परत गातो."

"पण जमलं नाही तर?"

"जमलं नाही तर आमच्यात कोणी परत गायला सांगत नाही. उठून जेवायला जातात. बघ, कोणी उठलंय का?"

तिने बघितलं. दारापाशी पोचलेले दोघे होते, तेही तिथेच भिंतीला टेकून उभे होते. तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पदराने नाक पुसलं आणि दटावल्यासारखा हात हलवला, गा गं, बघतेस काय.

"तेच गाणं?" मॉरीनने मला विचारलं.

"तेच."

ती पुन्हा गायली. मी स्टेजच्या पायरीवरच उभा राहिलो. फेडरवर कोणाचाच हात नव्हता. मधे एकदा स्पीकरने शिट्टी मारली आणि एकही मान मागे वळली नाही.

नंतर सासूबाई तिच्याजवळ गेल्या, तिचे दोन्ही हात धरून मला म्हणाल्या, "भाषा ओ की ठो कळली नाही हो, पण मेलीनं रडवलं. सांगा तिला." मी सांगितलं. 'मेली'चं भाषांतर गाळलं.

हे वाचून कोणाला वाटेल की मग मॉरीनचं नशीब उघडलं. कसलं काय. जेवणाच्या रांगेत मला ऐकू आलं, "बाई बरी गायली, पण नऊवारी असती तर मजा आली असती." मंडळाने रील टाकली ती फराळाच्या ताटांची. गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या एका जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्याचा तिला मेल आला. म्हणे तुमची ती रेकॉर्ड आता दुर्मिळ आहे, आमच्या गटात तिला फार मान आहे, आणि कव्हरवरची ती खुर्ची कोणत्या पबमधली होती हे सांगाल का? वरातीमागून घोडं येतं तेही खुर्चीची चौकशी करत. मॉरीनने मला तो मेल दाखवला आणि उत्तर काय द्यायचं ते सांगितलं. संपादक छापणार नाहीत.

ऑपरेशन झालं. बरेच दिवस तिला बोलायची बंदी होती. तिचं इथे दुसरं कोणी नाही, म्हणून तपासणीला नोव्हेनाला मी बरोबर गेलो. डॉक्टर तरुण, सभ्य, घाईत. सगळं लक्ष समोरच्या स्क्रीनवर. त्यांनी तिला तोंड उघडून 'आ' म्हणायला सांगितलं. ती म्हणाली. गंजलेलं शटर ओढावं तसा आवाज आला. मी भिंतीवरचा घशाचा तक्ता वाचायला लागलो, कारण मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "वन्स मोअर, प्लीज."

मॉरीनने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बोलायला अजून बंदीच होती, तरी घोगऱ्या आवाजात तिने विचारलं, "कुठला?"

मी म्हटलं, "सासूबाईंचा."

ती खुर्चीत ताठ बसली. गळ्यावरचा स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला, डोळे मिटले, आणि पुन्हा 'आ' म्हणाली. या वेळी डॉक्टरांनी स्क्रीनवरून मान वर केली.